घोडं कुठे पेंड खातं

कस्टममधून अडीच महिन्यांनी सुटलेली पुडी
तुस्कानो बाईंनी माझ्या टेबलावर उपडी केली.
तीन स्प्रिंगा,
टोकाला रंगाचा ठिपका: लाल, पिवळा, निळा.
लांबी माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी.

"बोभाटे, यातली कुठली?"

वरळीच्या रेंजवर दुपारी कोणी नसतं.
खारा वारा तेल लावलेल्या लोखंडालाही सोडत नाही,
म्हणून मी खिडकी लावून घेतो
आणि घामात काम करतो.

बाई पाणीखात्यात. एकोणीस वर्षं मीटरची बिलं.
तर्जनीचा मधला सांधा सुजलेला,
सकाळी मूठ वळत नाही.
चाप दीड किलोचा. पन्नासाव्या गोळीनंतर बोट थरथरतं,
आणि गोळी काळं वर्तुळ सोडून
कागदाच्या कडेला जाऊन बसते,
लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.
नियम सांगतो, एक किलो.
त्याखाली नाही.

या शहरात पिस्तुलालाच घोडा म्हणतात.
आम्ही कारागीर जाणतो, घोडा आत असतो,
मागच्या बाजूला, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा,
आणि त्याच्या पाठीशी ही कमान.

नायगावच्या शस्त्रागारात एकतीस वर्षं
मी चाप जडच ठेवत आलो.
हलका चाप म्हणजे उतावळं बोट.
गार्डरूममध्ये एकदा साबळ्याच्या हातून सुटली होती.
छताला भोक. चुना त्याच्याच डब्यातल्या भाजीत.
सगळे हसले. साबळ्या हसला नाही.
त्यानं डबा धुतला, रजा टाकली,
परत आला तो बँडमध्ये, ट्रॉम्बोन वाजवायला.
तेव्हापासून कुणी "जरा हलका करून द्या" म्हटलं
की माझा हातच आधी नाही म्हणतो.

तरी लाल बसवली. बाईंचा हट्ट.
पिकल्या चिकूत नख जावं तसा चाप.
बाई हसल्या, वर्षभरात पहिल्यांदा दात दिसले.
एक गोळी गेली. दुसरी गेली.
तिसरीला टिक.
घोडा पडला, काडतूस गप्प.
बाहेर काढून चष्म्याजवळ धरलं,
पितळेच्या कडेवर
नखानं काढावा तेवढा ओरखडा.
दहात चार अशा.

इथंच घोडं पेंड खातं, मी म्हटलं.
बोटाचं ओझं काढायला गेलो
तर घोड्याच्या लाथेतला जोर गेला.
दोघांची वैरण एकाच कमानीत.

बाई काही बोलल्या नाहीत. सांधा चोळत राहिल्या.

निळी म्हणजे जुन्या स्प्रिंगेचीच सख्खी बहीण.
राहिली पिवळी.
मेव्हण्याच्या वाणसामानाच्या दुकानातलं
सरकारी शिक्क्याचं किलोचं वजन
चापाला अडकवलं, पिस्तूल सरळ वर उचललं.
वजन फरशीवरून सुटलं,
हवेत किंचित फिरलं.
घोडा थांबला.
पुन्हा उचललं. थांबला.
मग वीस गोळ्या, वीस आवाज.
एक किलो आणि वर
चमचाभर साखरेएवढं काहीतरी.

"घोडामैदान जवळच आहे," मी म्हटलं,
"एकवीस तारखेला चाचणी."
"सांध्याला तारीख कळत नाही, बोभाटे."

लाल स्प्रिंग त्या विसरल्या की सोडून गेल्या,
ठाऊक नाही. टेबलाच्या खणात आहे.

घरी जाताना नाक्यावर एक दुधी घेतला.
काट्यावर बरोबर किलो भरला, भाजीवालीही चकित.
पिशवी मुद्दाम तर्जनीच्या मधल्या पेरावर अडकवली
आणि चाळीचे तीन जिने चढलो.
पहिल्या मजल्यावर काही नाही.
दुसऱ्यावर बोट पांढरं.
तिसऱ्यावर, दाराशी, पिशवी खाली ठेवली
तर पेरावर खोल लाल चर.

बायको बघत होती.
"दुसरा हात मोडलाय का?" म्हणाली.